प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती: सेवा कशी आहे, फाइल कुठे अडते

महाराष्ट्रात कारखाना, हॉटेल किंवा रुग्णालय सुरू करणाऱ्याची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी गाठ पडतेच. १९७० साली स्थापन झालेल्या मंडळाचं मुख्यालय मुंबईत शीवला आहे, पण लहान-मध्यम उद्योगाचा रोजचा संबंध येतो तो उप-प्रादेशिक कार्यालयाशी आणि तिथल्या क्षेत्र अधिकाऱ्याशी. मत आधीच सांगून टाकतो: ऑनलाइन अर्जाची व्यवस्था चांगली आहे आणि छाननीत विचारले जाणारे प्रश्न बहुतेक वेळा रास्त असतात. त्रास होतो तो हे प्रश्न एकदम न येता हप्त्याहप्त्यानं येतात तेव्हा.

संमती दोन टप्प्यांत मिळते. बांधकामाआधी स्थापनेची, उत्पादनाआधी चालवण्याची. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा हवा कायदा आणि २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम, या तिन्हींखालची परवानगी एकाच अर्जात मागता येते. ही सोय खरोखर मोलाची आहे. पहिली चूक मात्र इथेच होते, उद्योगाचा गट (प्रदूषण किती होऊ शकतं त्यावरून ठरणारा वर्ग) निवडताना. ‘फॅब्रिकेशन’ म्हणून अर्ज भरला आणि शेडमध्ये ॲसिड पिकलिंगची (धातूवरचा गंज आम्लात बुडवून काढण्याची) टाकी निघाली, तर गट बदलतो आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. उत्पादनाच्या नावावर न जाता प्रत्यक्ष प्रक्रियेवरून गट ठरवा.

शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं आणि ती धरायची ग्रॉस ब्लॉकनं, म्हणजे घसारा वजा न करता. सीएनं दाखल्यात घसारा वजा जाता उरलेली रक्कम लिहिली की ताळेबंदाशी मेळ बसत नाही आणि फरक भरेपर्यंत फाइल जागची हलत नाही. दाखला हातात येताच हा एक आकडा तपासा.

सर्वाधिक अर्ज अडतात ते पाण्याच्या हिशेबावर. समजा ४० कामगार आहेत. माणशी ४५ लिटर धरले तर दिवसाला १.८ घनमीटर घरगुती वापर, आणि त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण १.४४ घनमीटर सांडपाणी. ते कुठे जाणार, सेप्टिक टँकमध्ये की एसटीपीत (घरगुती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात), हे लिहायलाच हवं. मग प्रक्रिया, बॉयलर, कूलिंग टॉवर, धुणं, बाग यांचा प्रत्येकी वेगळा वापर दाखवायचा आणि त्यातून वाफ होऊन किती गेलं, मालात किती गेलं, सांडपाणी किती उरलं हेही. बॉयलरचा ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडलेलं पाणी) आणि सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, धुतल्याचं खारट पाणी हमखास विसरलं जातं. शेवटी एमआयडीसीचं पाणीबिल समोर ठेवा. बिलात महिन्याला ९०० घनमीटर असतील तर २५ दिवसांच्या कामावर रोजचे ३६ झाले. अर्जात २० लिहिले असतील तर प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. उरलेले १६ घनमीटर रोज कुठे जातात हे विचारणं हेच तर मंडळाचं काम आहे. टँकर किंवा बोअरवेल असेल तर तीही या हिशेबात धरा.

धुराड्याचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. जनरेटरच्या धुराड्याची उंची म्हणजे इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या आकड्याच्या) वर्गमुळाची ०.२ पट. नऊ मीटरच्या इमारतीत २५० केव्हीएचा संच असेल तर सुमारे १२.२ मीटर. बॉयलरच्या धुराड्याला नमुना घेण्याचं छिद्र, तिथवर शिडी आणि उभं राहायला कठडा असलेला मंच हवा. छिद्र शेवटच्या वळणाच्या पुढे व्यासाच्या आठपट अंतरावर आणि वरच्या तोंडाच्या किमान दुप्पट व्यास खाली असावं. नाहीतर वायूचा प्रवाह घुसळलेला असतो आणि धूलिकणांचं मोजमाप भरवशाचं राहत नाही.

अधिकाऱ्याच्या भेटीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या नमुन्याला सगळे ‘जेव्हीएस’ म्हणतात. नदी-नाल्यात सोडण्याच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (ती रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, तरंगते घन १०० आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रतिलिटर, पीएच ५.५ ते ९. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच लागू. ईटीपी, म्हणजे कारखान्याचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, नापास होण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: साप्ताहिक सुट्टीत वीज वाचवायला टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवतात, घाण खाणारे जिवाणू मरतात आणि दुसऱ्या दिवशी गढूळ पाणी बाहेर पडतं. दुसरं कारण खुराकाचं. जिवाणूंना बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस १००:५:१ या प्रमाणात लागतात, आणि काही सांडपाण्यात युरिया-डीएपी ही खतं घातल्याशिवाय ते जमत नाही. ईटीपीला वेगळा वीजमीटर आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला फ्लोमीटर असला की प्रकल्प खरोखर चालतो हे कागदावर दाखवता येतं.

जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेताना नोटीस द्यायची, तुमच्यासमोर त्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सील करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, अशी पद्धत आहे. दुसरा भाग राज्य प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी तुम्ही करू शकता. बीओडीची बाटली चार अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागते, तेल-ग्रीसची काचेचीच हवी. हे पाळलं जातंय का, ते उभं राहून पाहा. त्यात कोणाचा अपमान नाही.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी करा. उत्पादन आणि प्रदूषणभार वाढला नसेल, गुंतवणूक फारतर १० टक्क्यांनी वाढली असेल, तर स्वयं-प्रमाणनावर होणारं नूतनीकरण ही मंडळाची सर्वात सुटसुटीत सेवा. त्याआधी अटी पाळण्याची हमी म्हणून मंडळाला दिलेली जुनी बँक गॅरंटी जिवंत आहे का, ३० जूनपर्यंत घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण आणि ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र गेलं आहे का, हे पाहून घ्या. संमती नाकारली किंवा एखादी अट अन्यायाची वाटली तर अपिलाला ३० दिवस असतात.

नागरिकांच्या तक्रारींच्या बाबतीत सेवा उणी पडते. रात्री दोनला नाल्यात सोडलेलं रंगीत पाणी सकाळी अकराच्या नमुन्यात सापडत नाही. म्हणून तक्रारीत ‘दुर्गंधी येते’ एवढंच न लिहिता तारीख, वेळ, नाल्यातली नेमकी जागा, रंग आणि सलग काही दिवसांच्या नोंदी द्या, आणि संशयित ठिकाणाच्या वर आणि खाली अशा दोन्ही जागांचे नमुने मागा. दोन्हींतला फरक दिसला तर पाणी कुठून आलं याचा माग लागतो. नद्यांच्या पाण्याची आकडेवारी मंडळ आपल्या संकेतस्थळावर देतं. तुमच्या गावाजवळच्या केंद्राचे मागचे आकडे तक्रारीला जोडले तर क्षेत्र अधिकाऱ्याचंही काम हलकं होतं.