शाम्पू हे व्हर्ब आहे! (सांगलीतल्या इंग्लिश क्लासचा अनुभव)

विश्रामबागला आमच्या घराजवळ मोठ्या माणसांसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, दोन महिने झाले जातेय, आणि ज्यांना लाज वाटते त्यांनी तर नक्की जावं. आधी दुसरीकडं पैसे भरलेले, तिथं नुसती टेन्सची कोष्टकं पाठ करून घ्यायचे, तोंड काही उघडेना, महिन्यात सोडलं. इथं मॅडम एकेक व्हर्ब घेतात आणि ते कुठनं आलं तिथनं सुरुवात करतात.

परवा 'शाम्पू' घेतलं. आम्ही म्हटलं मॅडम ते बाटलीतलं, व्हर्ब कसलं ते. त्यांनी पुढच्या बाकावरच्या काकूंचा खांदा दोन्ही हातांनी हळूहळू दाबला आणि म्हणाल्या, हे शाम्पूइंग. हिंदीत चांपना म्हणजे दाबणं, त्याचं चांपो, तेच इंग्रजांनी उचललं, १७६२ पासून इंग्रजीत लिहिलेलं सापडतं आणि तेव्हा अर्थ होता अंग चेपून, रगडून देणं, केसांचा संबंधच नाही. पाटण्याचे शेख दीन महंमद इंग्लंडात गेले, त्यांनी १८१४ मध्ये ब्रायटनला वाफेच्या अंघोळीचं आणि शाम्पूइंगचं ठिकाण काढलं, पुढं राजा चौथा जॉर्जसुद्धा त्यांच्याकडून करून घ्यायचा. केस धुणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिकटला.

मला तर आजीच आठवली. रोज रात्री अंथरुणावर पाय लांब करून "चेप गं जरा, पोटऱ्या धरल्यात" म्हणायची, मी अंगठ्यानं टाचेपासून वर दाबत जायची. म्हणजे हा शब्द काय लांबचा नव्हता, आपल्या घरातच होता की!

मग वापर. मी आतापर्यंत 'आय पुट शाम्पू इन हेअर' म्हणायची, तर सरळ 'आय शाम्पूड माय हेअर' झालं. सोफा, गालिचा, गाडीच्या सीटा पण शाम्पू करतात, वर्गातल्या एका दादांचं गाडी धुण्याचं सेंटर आहे, त्यांनी लगेच चार वाक्यं केली, तीही न अडखळता, एरवी ते बोलतच नाहीत.

तक्रार एकच, संध्याकाळी पंचवीस जणं असतात, बोलायची पाळी एखाद्या वेळीच येते, आणि झेरॉक्स इतक्या फिक्या की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. सकाळी साडेसातच्या बॅचला आठ-दहाच असतात, जमत असेल तर तीच घ्या, मी पुढच्या महिन्यापासून तिकडंच जाणारे.