चुंबक खिशात होतं आणि मी १,७६,००० रुपये मोजून आलो

दोन महिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरी बायकोला आकडा कळलाय, आबांना अजून नाही. पण ज्यानं मला नकली मोटरसायकल विकली तोच माणूस पुन्हा गाड्या विकायला बसलाय, म्हणून लिहितोय.

जुन्या मोटरसायकली उभ्या करण्यात मी नवशिका नाही, हे आधी सांगतो. गच्चीवर कॉम्प्रेसर आहे, स्प्रे गन आहे. एक येझदी आणि दोन आरएक्स १०० मी स्वतः उघडून, घासून, रंगवून उभ्या केल्यात. कोल्हापुरात हे काम मेपर्यंत उरकावं लागतं. एकदा पाऊस लागला की दमट हवेत लॅकर पांढरट पडतो आणि सगळं पुन्हा वॉटर पेपरने घासत बसावं लागतं. म्हणून एप्रिलमध्येच हातात गाडी हवी होती. त्या घाईनंच घात केला.

जाहिरात होती सुझुकी आरएम १२५ ची, म्हणजे मोटोक्रॉसच्या, मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीची, १९८० चं मॉडेल. ही हवेवर थंड होणारी, मागे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेली शेवटची आरएम. १९८१ पासून पाण्यानं थंड होणारं इंजिन आणि मागे एकच शॉक आला. जुन्या मोटोक्रॉसवाल्यांना या गाडीचं वेड का, ते मी समजवायला नको. गाडी बेळगावजवळ एका शेडमध्ये, इंजिन उघडून खोक्यात. "जुन्या रेसिंग टीमची गाडी आहे दादा, काकांनी ठेवलेली." आरसी नाही. त्यात मला काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मोटोक्रॉसची गाडी रस्त्यासाठी नसतेच, तिला दिवा नाही, नंबर नाही, मग आरसी कुठून येणार? हे चोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

टोकन म्हणून २१,००० यूपीआयने आधीच पाठवले होते. ही पहिली चूक. टोकन गेलं की माणूस गाडी बघायला जात नाही, घ्यायलाच जातो.

आता ती वेळ सांगतो, जी रोज रात्री डोळ्यासमोर येते. कोगनोळीचा टोल, तवंदी घाट करत पोचेपर्यंत साडेसहा झाले होते. शेडमध्ये एकच बल्ब, गाडीवर निळी ताडपत्री. खिशात लोहचुंबक होतं, पुट्टी (पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा लेप, त्यावर चुंबक धरत नाही) तपासायला मी ते नेहमी नेतो. टाकीवर पुट्टी आहे का बघायला ते बाहेर काढलं. टाकी प्लॅस्टिकची. बरोबर आहे, आरएमची टाकी प्लॅस्टिकचीच असते. मी समाधानानं मान हलवली आणि चुंबक परत खिशात टाकलं. दोन फुटांवर स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, होता. खऱ्या गाडीचा तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो, चुंबक चिकटतच नाही. दोन फूट हात पुढे केला असता तर! पण तेवढ्यात चहा आला, त्याचा फोन वाजला, "पुण्याची पार्टी उद्या सकाळी यायलीत" हे मला ऐकू जाईल असं बोलला. हँडलखाली नंबर ठोकलेल्या जागी रंग बाकी फ्रेमपेक्षा जाड होता. तो मी बघितला. नखानं टोकरूनसुद्धा बघितलं. मनात आलं, कुणीतरी आधी वाईट रंगवलीय, आपण नीट करू.

१,१५,००० तिथंच ट्रान्सफर केले, ४०,००० रोख दिले. रोखीची पावती मागितली तर म्हणाला, "दादा, विश्वासावर चाललंय ना?" रोख देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर लिहून घेतल्याशिवाय हात खिशात घालू नका.

टेम्पोचे ५,५०० गेले. प्रायमर, टू-के रंग, थिनर, हार्डनर मिळून ११,७५० चं सामान आणलं. फ्रेम सँडब्लास्टिंगला उद्यमनगरात टाकली, ३,२०० रुपये. तासाभरानं तिथला पोरगा बाहेर आला आणि तळहात पुढे केला. हातावर पत्र्याची पातळ पट्टी होती, दोन बोटं लांब, तिच्यावर फ्रेमचा नंबर. पुट्टीनं चिकटवलेली. वाळूचा मारा बसल्यावर सुटून खाली पडली. फ्रेम म्हणजे साधा जोडपाईप, नवं वेल्डिंग. स्विंगआर्मला चुंबक लावलं तर टक्कन बसलं. लोखंडाला चंदेरी रंग. घरी येऊन खोक्यातला गिअरबॉक्स फिरवला आणि गिअर मोजले. आरएमला सहा असतात. इथं चार. कुठल्या तरी रस्त्यावरच्या गाडीचा भरलेला. खरी म्हणावी तर फक्त टाकी आणि मागचं मडगार्ड.

फोन केला तेव्हा दोन दिवस "बघतो दादा" आणि तिसऱ्या दिवशी नंबर बंद.

त्यानंतर जे झालं त्याचा राग फसवणुकीपेक्षा जास्त आहे. इथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, व्यवहार कर्नाटकात झाला, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, पैसे कोल्हापूरच्या खात्यातून गेले, तिकडं जा, आणि अर्ज द्यायचाच तर कन्नडमध्ये द्या. तीन खेपा मारल्या. गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात शून्य नंबरनं नोंदवता येतो, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ते लिहिलंय, हे मी छापून नेलं. साहेबांनी कागद न वाचता परत दिला. "हा दिवाणी मामला आहे." खोटा नंबर चिकटवून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? वर विचारतात, "आरसी दाखवा, गाडी तुमची कशावरून?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तोवर २३ दिवस झाले होते, पैसे पुढे निघून गेलेले. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो, पण फ्रेम सोलल्याशिवाय कळणार तरी कसं? बँकेत उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलाय. वाहनांच्या कार्यालयात म्हणाले, नोंदणीच नाही तर आमचा संबंध नाही. ती पट्टी पिशवीत घालून पुरावा म्हणून नेली होती, ती घ्यायलासुद्धा कुणी तयार नाही. आज ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकूण १,९६,४५० रुपये आणि अर्जाच्या एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तोही दोन तास बसून मिळवलेला.

मूर्ख म्हणणारे म्हणतील. बल्बच्या उजेडात तुम्हीही फसला असता. दिवसाउजेडी जा, गाडी शेडबाहेर उन्हात काढायला लावा. नाही म्हणाला तर तिथूनच गाडी वळवा. आणि या कामातला एक माणूस बरोबर न्या, जो चहा पीत बसणार नाही.

गेल्या आठवड्यात तीच शेड, तीच निळी ताडपत्री दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसली. या वेळी रंग लाल आणि गाडी होंडा सीआर १२५ म्हणून, १,९५,००० ला. इंजिन खोक्यातच. तो फोटो मी अर्जाला जोडलाय. कुणी टोकन पाठवलं असेल तर आत्ता, वाचता वाचता, १९३० ला फोन लावा.