हेज अकाउंटिंग की थेट नफा-तोट्यात? निर्यातदारांच्या हिशेबनिसांसाठी

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्याचे हिशेब मी बघतो. आमच्या डॉलर फॉरवर्डना (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने डॉलर विकायचा बँकेशी केलेला करार) दोन वर्षं हेज अकाउंटिंग लावलं, म्हणजे फॉरवर्ड आणि तो ज्या ऑर्डरसाठी घेतला ती ऑर्डर यांचा हिशेब एकमेकांशी जोडून केला. तिसऱ्या वर्षापासून नवे फॉरवर्ड सरळ बाजारभावाने मांडतो आणि फरक नफा-तोट्यात घेतो. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

बिल निघालेल्या मालाची चिंता आधीच सोडून द्या. आमच्यासारख्या इंड-एएस (मोठ्या कंपन्यांची हिशेब मानकं) लागू नसलेल्या कंपनीत येणं आणि त्यावरचा फॉरवर्ड यांचं एएस ११ (परकीय चलनाचं जुनं हिशेब मानक) मध्येच भागतं. प्रश्न उरतो तो ऑर्डर हातात आहे, पण माल अजून मागावर आहे, तेवढ्याचा. त्यासाठी आयसीएआयची (सनदी लेखापालांची संस्था) २०१५ ची मार्गदर्शक टीप आहे, १ एप्रिल २०१६ पासून लागू. तिथे हेज अकाउंटिंगचा फायदा खराच मोठा आहे: विक्री होईपर्यंत फॉरवर्डचा फरक राखीव निधीत थांबतो आणि मार्चचा नफा विनाकारण हेलकावत नाही.

आमचं घोडं अडलं ते कागदावर. हेजची नोंद सुरुवातीलाच लेखी हवी: कोणता फॉरवर्ड, कोणती ऑर्डर, कोणती जोखीम, परिणामकारकता (फॉरवर्ड ऑर्डरची जोखीम किती भरून काढतो) कशी तपासणार. मागची तारीख टाकता येत नाही, टाकूही नये. आमचे शेठ अमळनेरकडचे, अनुभवाने भाव ओळखणारे. दुपारी बँकेला फोन लावायचे, मग मला सांगायचे, "भाव चांगला शे, बुक करी टाकं." बँकेचा कागद माझ्या टेबलावर यायला कधी दोन दिवस, कधी आठवडा. त्यातून ऑर्डरशी जोडणी करून सही घ्यायची, तर शेठ लग्नसराईत बाहेरगावी.

एकदा पाच लाख डॉलरच्या फॉरवर्डचा कागद नवव्या दिवशी झाला. तेवढ्यात भाव ६० पैसे आमच्या विरुद्ध सरकला होता. ते तीन लाख रुपये तर थेट नफा-तोट्यात गेलेच; शिवाय जोडणीच्या दिवशी फॉरवर्डची किंमत शून्य नव्हती, त्यामुळे पुढच्या प्रत्येक तपासणीत ती विसंगती निघत राहिली. ऑडिटरने तारीख विचारली, ती बरोबरच विचारली. आम्ही छापील नमुना केला, शेठच्या मुलाला सहीचा अधिकार दिला. दोन महिने नीट चाललं, पुन्हा तेच. कारखान्यात भावाचा निर्णय फोनवर होतो, आणि ती सवय वाईट आहे असं मला वाटत नाही. भाव थांबत नाही.

वर एकाच ऑर्डरचा माल तुकड्यांत जातो. मार्चची एक ऑर्डर न्हावाशेवाहून दोन हप्त्यांत गेली, अर्धी एप्रिलमध्ये. मग राखीव निधीतली रक्कम बिलागणिक तोडून काढत बसलो.

सरळ मार्गाचा त्रास एकच, पण तो मार्चमध्येच येतो. न निघालेल्या ऑर्डरींचा तोटा आधी दिसतो. पहिल्याच वर्षी बँकेच्या अधिकाऱ्यांनी कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणावेळी विचारलं. फॉरवर्डसमोर ऑर्डरींची यादी असा एक पानी तक्ता दिला, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आयकराला यातल्या कशानेच फारसा फरक पडत नाही. आयसीडीएसप्रमाणे (आयकरासाठीची हिशेब मानकं) अशा फॉरवर्डचा हिशेब सौदा मिटतानाच होतो.

तुमची नक्त मालमत्ता २५० कोटींच्या पुढे असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. इंड-एएस १०९ (त्यातलं फॉरवर्डसारख्या करारांचं मानक) मध्ये जोखमीचं उद्दिष्ट बदललं नसेल तर एकदा जोडलेलं हेज मनाने सोडता येत नाही, म्हणून शिरण्याआधी दहा वेळा विचार करा. तुमच्याकडे ट्रेझरीला (पैसा आणि चलनाचे सौदे बघायला) स्वतंत्र माणूस असेल आणि ऑर्डरी सहा-आठ महिन्यांच्या असतील, तर हेज अकाउंटिंग कदाचित तुम्हाला पेलेल. आमच्या ऑर्डरी तीन महिन्यांच्या. एक मार्च सोडला तर तोटा आणि विक्री बहुधा एकाच वर्षात भेटतात. मशिनसाठी युरोत तीन-चार वर्षांचं कर्ज काढलं, तर मात्र मी त्याच्या एका स्वॅपचा (कर्जाची परकीय चलनातली देणी ठरल्या भावाने बदलून घेण्याचा बँकेशी करार) कागद सौद्याच्या दिवशीच करून ठेवीन.