'जीपीए वाढवून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा: परदेशी लॉ स्कूलच्या नावाखाली गोव्यात चाललेली फसवणूक

एखाद्या मुलीचं पाच वर्षांचं बीए एलएलबी ५२-५४ टक्क्यांवर अडकलेलं, मध्ये एखादी एटीकेटी. पण त्याच मुलीने मूट कोर्टात बक्षिसं घेतलेली, पर्वरीच्या हायकोर्टात सीनियरच्या हाताखाली चांगलं काम केलेलं, एखादा लेख छापून आलेला. परदेशी प्रवेशाचा सल्लागार म्हणवून फसवणाऱ्याला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं. मुलगी हुशार आहे याची घरच्यांना खात्री असते आणि गुणपत्रिकेची धास्तीही असते, त्यामुळे पैसे पटकन निघतात.

सुरुवात भीती घालून होते. "तुमचे ५४ टक्के म्हणजे अमेरिकेत एफ ग्रेड, फाईल कोणी उघडणारसुद्धा नाही." आईवडील गप्प होतात. मग तोडगा पुढे येतो: 'जीपीए कन्व्हर्जन', म्हणजे तुमचे टक्के जीपीएत (चारपैकी मोजायच्या गुणांच्या सरासरीत) बदलून साडेतीनच्या वर नेऊन देतो, अर्धी रक्कम आगाऊ.

विकायला काढलेली ही वस्तू मुळात अस्तित्वातच नाही. अमेरिकेतल्या जेडीचे (वकील होण्यासाठीच्या तिथल्या कायद्याच्या पदवीचे) अर्ज लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅकमार्फत जातात. भारतीय पदवीचा आकडेवार जीपीए एलसॅक काढतच नाही. आपल्या विद्यापीठाची गुणपद्धत लक्षात घेऊन गुणपत्रिका तपासली जाते आणि 'सुपीरियर', 'अबव्ह ॲव्हरेज', 'ॲव्हरेज' किंवा 'बिलो ॲव्हरेज' असा शेरा मिळतो. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास असतो हे तपासणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे ५४ टक्के म्हणजे एफ हे साफ खोटं आहे. आणखी एक गोष्ट सल्लागार कधी सांगत नाहीत. तिथली लॉ स्कूल्स दरवर्षी नव्या वर्गाचा मध्यक जीपीए आणि एलसॅट या प्रवेशपरीक्षेचे मध्यक गुण जाहीर करतात. भारतीय पदवीधराला आकडेवार जीपीएच नसल्यामुळे त्याला घेऊन त्यांचा मध्यक घसरत नाही. त्याचा एलसॅट मात्र मोजला जातो. समिती गुणपत्रिका वाचते, त्यामुळे कमी गुण अडचणीचे राहतातच, पण दार बंद झालेलं नसतं.

'ऑनलाइन एमए करा, जीपीए सुधारेल' हा दुसरा सापळा. नंतरच्या पदवीने पहिल्या पदवीचे गुण बदलत नाहीत. आवड असेल तर एमए जरूर करा, पण त्यासाठी या माणसाला पैसे देऊ नका.

खरं नुकसान यानंतर होतं. "तुम्ही अभ्यास करा, फॉर्मचं आम्ही बघतो," असं सांगून एलसॅकचं खातं सल्लागार स्वतःच्या ईमेलवर उघडतो. आता लॉ स्कूल्सची सगळी पत्रं त्याच्याकडे जातात. अर्ज खरंच गेला का, नकार आला का, उमेदवाराला काहीच कळत नाही. ट्रान्स्क्रिप्ट खरं तर गोवा विद्यापीठाकडून थेट एलसॅककडे जायला हवं. ते 'लवकर व्हावं म्हणून' सल्लागार स्वतः तयार करतो. शिफारसपत्रं प्राध्यापक किंवा सीनियर यांनी त्यांच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून स्वतः चढवायची असतात. तो प्राध्यापकांच्या नावाने खोटे जीमेल पत्ते काढतो आणि पत्रं आपणच लिहितो.

हे उघडकीस आलं की एलसॅक गैरप्रकाराची चौकशी करतं. दोष सिद्ध झाला तर अहवाल उमेदवाराने अर्ज केलेल्या आणि पुढे करील त्या शाळांकडे जातो. वकिलीची सनद देताना तिथल्या बार, म्हणजे वकिलीचं नियमन करणाऱ्या संस्था, चारित्र्य तपासतात, तेव्हाही ही गोष्ट समोर येते. व्हिसासाठी खोटी कागदपत्रं दिल्याचं ठरलं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. "कागद मी केले नव्हते" हे सांगून सुटका होईलच असं नाही, कारण अर्ज खरा असल्याची ग्वाही उमेदवाराच्या नावाने दिलेली असते. पैसे एक वेळ परत मिळतील, हा डाग पुसणं फार अवघड आहे.

म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, पासवर्ड कोणालाही देऊ नका आणि फी स्वतःच्या कार्डाने भरा. खर्च साधारण असा: एलसॅट अडीचशे डॉलरच्या आसपास, कागदपत्रं जमवण्याची सीएएस सेवा दोनशेच्या थोडी वर, प्रत्येक शाळेला जाणारा अहवाल ४५ डॉलर, शिवाय शाळेची अर्ज-फी, जी बऱ्याच ठिकाणी ७५ ते ८५ च्या घरात असते. सहा शाळांना मिळून बाराशे डॉलरच्या आसपास. कोणी 'एलसॅक फी' म्हणून याच्या कितीतरी पट मागत असेल तर पावती मागा. ती एलसॅकच्या खात्यातच दिसते.

गुण कमी असताना उपयोग होतो तो एलसॅटचा. या परीक्षेचे गुण १२० ते १८० असतात. येल, हार्वर्ड, स्टॅनफर्डचा मध्यक १७३ ते १७५ च्या आसपास आहे. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा विभाग गेला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग आणि वाचन-आकलनाचा एक विभाग मोजला जातो, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. एक जादा विभाग मोजला जात नाही. 'लॉजिक गेम्स स्पेशल बॅच'ची फी मागणाऱ्याला परीक्षाच माहीत नाही. आयुष्यभरात सातच वेळा बसता येतं, म्हणून 'एकदा बसून बघा' हा सल्ला ऐकू नका. लॉहब या एलसॅकच्या संकेतस्थळावर अधिकृत सराव चाचण्या काही प्रमाणात मोफत आहेत, तिथून सुरुवात करा.

कमी गुणांचं कारण स्वतंत्र एका पानात, शक्यतो अर्ध्याच, लिहावं: कोणत्या सत्रात काय घडलं, नंतर गुण कसे वर गेले. आजारपण असेल तर त्याचा कागद जोडा. विद्यापीठाला दोष देऊ नका. हे पान दुसऱ्याकडून लिहून घेतलं की लगेच ओळखू येतं.

एलएलएमला साधारणपणे एलसॅट लागत नाही, त्यामुळे तिथे पदवीचे गुण जास्त बोलतात. ऑक्सफर्डचं बीसीएल (कायद्यातला पदव्युत्तर अभ्यासक्रम) प्रथम श्रेणीच्या तोडीचे गुण मागतं. ती अट 'ओळखीने' शिथिल करून देतो म्हणणारा तुम्हाला लुबाडतोय. चेव्हनिंग आणि फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीच्या अर्जाला एक पैसाही फी नाही.

गोव्यात एक खास थाप चालते: "पोर्तुगीज पासपोर्ट आहे ना, मग इंग्लंडमध्ये होम फी, म्हणजे तिथल्या रहिवाशांची कमी फी, लागेल." २०२१-२२ पासून इंग्लंडमध्ये नव्याने शिकायला जाणाऱ्या युरोपीय नागरिकांना ती सवलत सहसा मिळत नाही. सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना तिथे राहण्यासाठी मिळालेला हक्क) असेल तरच आशा, आणि तेही विद्यापीठ रहिवासाचे पुरावे तपासून ठरवतं. या थापेवर विसंबून पासपोर्टसाठी जमीनजुमल्याची कागदपत्रं सल्लागाराच्या हाती देऊ नका.

देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतही 'मॅनेजमेंट कोटा' नसतो. काहींत एनआरआय पुरस्कृत जागा असतात, त्यांची जाहिरात आणि अर्ज बहुतेकदा विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर येतात.

ऑफर लेटर आलं तर 'सीट डिपॉझिट' कोणत्या खात्यात मागितलंय ते आधी बघा. व्यक्तीच्या किंवा सल्लागाराच्या खात्यात असेल तर थांबा, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पत्ता स्वतः शोधून प्रवेश कार्यालयाला विचारा.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकते. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. व्हॉट्सॲपचे संदेश, यूपीआयच्या नोंदी, पावत्या काही पुसू नका. खोटे कागद एलसॅककडे गेले असतील तर त्यांनी विचारण्याची वाट न बघता वकिलाचा सल्ला घेऊन स्वतःहून लेखी कळवा आणि पोलीस तक्रारीची प्रत सोबत जोडा.