तळमजल्याचं घर, २,७१० युरो आणि माझा पासपोर्ट

जर्मनीत भाड्याचं घर ऑनलाईन घ्यायला गेले आणि फसले. आधी रक्कम सांगून टाकते, म्हणजे ‘किती गेले गं?’ असं हळूच विचारायला कुणाला फोन करावा लागणार नाही. २,७१० युरो. त्यातले १,९२० अनामत, ७९० पहिल्या महिन्याचं भाडं. बँकेचा दर आणि शुल्क धरून खात्यातून २,८९,५२४ रुपये वजा झाले. बाबांनी एफडी मोडली होती. वर जर्मनीत उतरल्यावर हॉटेलचे ६३८ युरो. परत आलेली रक्कम शून्य.

आणि ‘एवढी शिकलेली मुलगी, कळलं कसं नाही’ हे ऐकून कान किटले आहेत. ज्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर परक्या देशात घर शोधलंय त्यांनीच बोलावं.

मी टेबल टेनिस खेळते. उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटला होता. डॉक्टरांनी तो कापून न टाकता टाके घालून शिवला. पुढच्या आयुष्यासाठी हे चांगलं, पण सावरायला वेळ फार. आधी कुबड्या, मग ब्रेस, मग कित्येक महिने खोल वाकायला बंदी. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या फोरहँडची ताकद उजव्या पायातून येते. ज्या पायावर विश्वास नाही त्या पायावरून टॉपस्पिन मारायचा म्हणजे काय, ते खेळणाऱ्यालाच कळेल. अशा अवस्थेत जर्मनीतल्या एका क्लबने अर्ध्या मोसमाचा करार देऊ केला. तिथे मोसम दोन भागांत चालतो आणि जानेवारीपासून नव्या क्लबकडून खेळायचं तर बदलाचा अर्ज ३० नोव्हेंबरपर्यंत जावा लागतो. अर्ज अगदी शेवटी गेला. व्हिसा कसाबसा झाला. उरलं घर.

क्लबने खोली देऊ केली होती, नाही असं नाही. ड्युसेलडॉर्फपासून लोकलने अर्ध्या तासावरचं गाव, जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. फिजिओने बजावलं होतं की पहिले दोन-तीन महिने जिने कमीत कमी. पण ‘जिना उतरताना गुडघा अजून कुरकुरतो’ हे नव्या क्लबला सांगायचं कसं? जर्मनीत नोकरीचे पहिले चार आठवडे पूर्ण व्हायच्या आत आजारी पडलं, तर त्या काळाचा पगार देण्याचं मालकावर बंधन नसतं. हे वाचल्यापासून मी गुडघ्याचा ‘ग’ही काढत नव्हते. मला एकटीनं राहायला आवडतं, माझं मी बघते, असं कळवून मोकळी झाले. दुखापतीतून परतणारा प्रत्येक खेळाडू हेच करतो, कुणी कबूल करत नाही इतकंच.

पुढचं तुम्हाला पाठच असेल. घरांच्या साईटवर जाहिरात, बाजारापेक्षा थोडंसंच स्वस्त भाडं (फार स्वस्त असतं तर मीही पळाले असते), मालकीणबाई नोकरीनिमित्त परदेशात, घर दाखवायला कुणी नाही, त्यामुळे सगळा व्यवहार ‘मध्यस्थ’ कंपनीमार्फत. त्या कंपनीची साईट एका जगप्रसिद्ध कंपनीच्या साईटची हुबेहूब नक्कल. पैसे त्यांच्याकडे ‘सुरक्षित’ राहणार, मी घर बघून होकार दिला की मगच बाईंना मिळणार.

ज्या जागी डोकं आपटून घ्यावंसं वाटतं ती जागा वेगळीच आहे. मूळ जाहिरातीत मजला कितवा ते लिहिलंच नव्हतं. मी स्वतःची ओळख करून देणाऱ्या पहिल्या मेलमध्ये लिहिलं की गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तळमजला हवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: घर तळमजल्यावरच आहे, पायऱ्या फक्त दोन, आणि आमची मुलगी हँडबॉल खेळायची, तिचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तुझी काळजी समजते. मी ती मेल आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, ‘देवासारखी भेटली गं बाई.’ मीच माझं माप दिलं आणि त्या मापाची टोपी शिवून आली! त्यामुळे पहिल्या मेलमध्ये आपली अडचण लिहू नका. आधी त्यांना सांगू द्या की घर कसं आहे.

दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघराचा फोटो. पांढरा ओटा, किटली, आणि किटलीमागे भिंतीत सॉकेट. चौकोनी प्लेट, तीन आडव्या-उभ्या चौकोनी फटी, बाजूला बटण. हा सॉकेट इंग्लंडचा. जर्मनीत भिंतीतला सॉकेट गोल, आत गेलेला, दोन भोकांचा असतो आणि त्याला बटण नसतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, ज्युनिअर असताना तिथे स्पर्धेला गेले होते, अ‍ॅडॉप्टर अजून किटबॅगच्या कप्प्यात आहे. मी तो फोटो मोठा करून बघितला आणि बाबांना म्हणाले, ‘बघा, आपल्यासारखं बटण आहे.’ खूश होऊन म्हणाले! त्याच क्षणी लॅपटॉप बंद करायला हवा होता. पण तेव्हा मी ओटा किती उंच आहे, वाकावं लागेल का, हे बघत होते. जाहिरातीतला फोटो गूगलवर टाकून तो आणखी कुठे आलाय ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

बाबांनी विचारलं होतं, ‘खातं जर्मनीचं का नाही?’ आयबॅनची, म्हणजे युरोपातल्या लांबलचक खाते क्रमांकाची, सुरुवात एलटीने होती, म्हणजे लिथुआनिया. उत्तर तयार होतं, की कंपनीची बँक ऑनलाईन आहे. आता ऐका पुढचं. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी बँकेला खातेदाराचं नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासून दाखवावं लागतं. मी डिसेंबरमध्ये पैसे पाठवले, पण भारतातून. आपल्याकडून जाणाऱ्या पैशाला ती तपासणी लागू नाही. आमच्या बँकेने फॉर्म भरून घेतला, पॅन घेतलं, कारण विचारलं, सह्या घेतल्या. नाव जुळतंय का, हे कुणी पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर मी त्याचे पाय धरले असते. जर्मन कायद्याप्रमाणे अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी (हीटिंग-पाण्यासारखे वरखर्च सोडून) घेता येते, आणि ती तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. चावीच्या आधी सगळी अनामत मागणारा माणूस एक तर कायदा जाणत नाही किंवा चोर आहे. ७९० मधलं मूळ भाडं ६४० होतं आणि माझी अनामत बरोबर त्याच्या तीनपट, म्हणून मला उलट सगळं नियमात वाटलं.

पत्ता खरा होता. दोन किटबॅग घेऊन दारात उभी राहिले, घंटीच्या पाटीवर ते आडनाव नाही. तळमजल्यावर दातांचा दवाखाना. रिसेप्शनवरच्या बाईने माझ्याकडे न बघताच मान हलवली. माझ्या आधीही लोक येऊन गेले होते.

आता यंत्रणांचं ऐका. तिथल्या पोलिसांनी ऑनलाईन तक्रार करायला सांगितली. केली, अनुवादाचं अ‍ॅप वापरून. अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा, एक नंबर मिळाला. नंतर पत्र आलं की आरोपीचा शोध लागला नाही म्हणून तपास बंद. आयबॅन दिला होता, मेल दिल्या होत्या, साईट तर पत्र आलं तेव्हाही चालू होती! आपल्या वकिलातीतून ‘स्थानिक पोलिसांशी संपर्क साधावा’ असं एका ओळीचं उत्तर. इथल्या बँकेने पैसे परत मागवण्याच्या विनंतीचे वेगळे पैसे कापले आणि नंतर कळवलं की ज्याच्या खात्यात गेले त्याची संमती लागते. चोराची संमती! घरांच्या साईटने जाहिरात काढली आणि सुरक्षित व्यवहाराच्या सूचनांची लिंक पाठवली.

बाबा आमच्या शहरातल्या सायबर पोलिसांकडे गेले, तर ‘गुन्हा जर्मनीत घडलाय, तिकडेच करा’ म्हणून बाहेर. तासभर बाकावर बसवून. हे साफ खोटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेल्या फसवणुकीचा खटला संदेश जिथे मिळाले तिथेही चालू शकतो, आणि मेल मी डोंबिवलीत बसून वाचल्या होत्या. कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. ही दोन कलमं कागदावर लिहून बाबा पुन्हा गेले तेव्हा कुठे अर्ज घेतला. घेतला म्हणजे शिक्का मारला. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. मला कळेपर्यंत आठवडे उलटले होते.

शेवटी राहिले कुठे? क्लबच्या त्याच खोलीत, चौथ्या मजल्यावर, ब्रेस लावून. राहण्याची नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, आणि त्या नोंदणीशिवाय पुढचा कागद हलत नाही. क्लबच्या सचिवाने ते पत्र दिलं, वर ‘आधीच का नाही सांगितलंस?’ हेही विचारलं. तुमचा क्लब, तुमचं विद्यापीठ, तिथला एखादा खेळाडू, कुणालाही आधी घर बघायला पाठवा. लाज वाटली तरी.

पैसे गेले ते गेले, पण मी ‘करारासाठी’ पासपोर्टची प्रतही पाठवली होती. मार्चमध्ये नाशिकच्या एका मुलाने इन्स्टावर मेसेज केला, ‘ताई, घराची चावी कधी पाठवताय?’ त्याला मालकीण म्हणून माझा पासपोर्ट दाखवला होता. त्याचे १,१५० युरो गेले. त्याने केलेल्या तक्रारीत आरोपी म्हणून माझं नाव आहे. मी त्याला माझ्या तक्रारीचा नंबर, मेल, सगळं पाठवलंय, आणि तो बिचारा समजूतदार निघाला. पासपोर्टची प्रत कुणालाही देताना तिच्यावर आडवं मोठ्या अक्षरात लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला.

तर टेबल टेनिस खेळणाऱ्या, डोंबिवलीच्या पत्त्याच्या मुलीचा पासपोर्ट दाखवून कुणी तुम्हाला जर्मनीत घर देत असेल, तर पैसे पाठवू नका. माझ्या नावावर जर्मनीत घर नाही. डोंबिवलीतही नाही.