खानापूर-बेळगाव भागात 'हीट ट्रीटमेंट'वाले फिरताहेत, वाळवीच्या नावाखाली पैसे काढतात

खानापूर, बेळगाव, चंदगड साईडला ज्यांची जुनी कौलारू घरं आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. गावाकडे आईवडील दोघंच असतील तर त्यांना फोन करून वाचून दाखवा. "वाळवीचं इन्स्पेक्शन फ्री, औषध नाही, वास नाही, मशीनच्या गरमीनं वाळवी मारतो, 10 वर्षं वॉरंटी" असं सांगत पिकअप घेऊन माणसं फिरताहेत. आमच्या घरातनं 34 हजार घेऊन गेलीत.

घर खानापूर तालुक्यात, गावाचं नाव राहू दे. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, सागवानी चौकटी आणि आजोबांनी करून घेतलेलं फणसाचं देवघर. वाळवी लागली होती हे खरं, तेवढं ते खोटं बोलले नाहीत. माजघराच्या चौकटीला खालून मातीची वळवळीत रेघ चढायची, आई झाडूनं पाडायची, दोन दिवसांनी परत तिथंच. मी बेळगावात टिळकवाडीला असते, रविवारी आले की औषध मारून घेऊया म्हणून ठरलं होतं, तेवढ्यात हे लोक दारात.

सकाळची वेळ, न्हाणीत बंब पेटलेला. एकानं मोबाईलसारखा थर्मल कॅमेरा काढला आणि न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीवर धरला. स्क्रीनवर भिंत लालभडक. "काका, हे सगळं लाल दिसतंय ना, ही आत वाळवीची वसाहत, जिवंत आहे म्हणून गरम आहे." बाबांनी मला फोन करून सांगितलं ते असं, "अगं भिंत आतनं सगळी पोखरूलालीया, मी डोळ्यानं बघितलो की." आता तो कॅमेरा फक्त पृष्ठभाग किती गरम-थंड आहे एवढंच दाखवतो, त्याला वाळवी दिसत नाही. भिंतीपलीकडे बंब पेटलाय म्हटल्यावर ती लाल दिसणारच, दुपारी आले असते तर पश्चिमेची भिंत दाखवली असती. मग दोन सुया असलेलं एक मीटर काढलं, चौकटीत टोचलं, पीं पीं वाजलं. ते लाकडातला ओलावा मोजायचं मीटर. ओलं लाकूड वाळवीला आवडतं हे बरोबर, पण खानापुरात श्रावणात कुठल्या घरातलं लाकूड कोरडं असतं? पोळपाटाला टोचलं असतं तरी वाजलं असतं.

आणि वर मोबाईलवर एक व्हिडिओ, "हे तुमच्या भिंतीच्या आतलं शूटिंग." पांढऱ्या किड्यांचा नुसता बुजबुजाट. शेजारच्या काकूंनाही तोच व्हिडिओ दाखवलाय, त्यांच्याही भिंतीतला म्हणून. त्यात कोपऱ्यात ग्रॅनाईटची फरशी दिसते, आमच्या आख्ख्या गल्लीत शहाबादीशिवाय दुसरं काही नाही.

20 हजार ॲडव्हान्स यूपीआयनं, तोही कंपनीच्या नाही, कुणाच्यातरी वैयक्तिक नावावर. दुसऱ्या दिवशी दोन हीटर आणले, मोठ्या हॉटेलात थंडीला लावतात तसले, एक हातातली हॉट एअर गन, आणि माजघराला प्लास्टिक बांधून दुपारपर्यंत घरघर चालू. संध्याकाळी म्हणे वसाहत मोठी निघाली, देवघरसुद्धा करायला लागेल, अजून 14 हजार. दिले. देवघराचं पॉलिश फुगलं, आईची कुंकवाच्या करंड्याशेजारची मेणबत्ती वितळून पाटावर पसरली, आणि चौकटीवरची मातीची रेघ गणपतीच्या आधीच परत हजर. फोन केला तर आधी "माणूस पाठवतो", मग "सायबांना विचारून सांगतो", मग स्विच ऑफ.

आता मेन मुद्दा, जो त्या दिवशी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. गरमीनं वाळवी मरते हे खोटं नाही, बाहेरच्या देशात करतात हे. पण ती कोरड्या लाकडातली वाळवी, जिचं सगळं घरदार त्या लाकडाच्या आतच असतं. तिची खूण वेगळी, लाकडाखाली खसखशीएवढे बारीक कडक दाणे पडलेले दिसतात, माती नसते. आपल्याकडे जिथं मातीची रेघ, मातीची नळी चढते, ती जमिनीतली वाळवी. तिची राणी, तिचं वारूळ सगळं खाली मातीत, चौकटीवर येतात ते नुसते कामकरी, खाऊन परत खाली जाणारे. वरची चौकट कितीही तापवा, खाली कुणाला काही पत्ता लागत नाही. चार-सहा दिवस रेघ बंद राहते, घरातल्यांना वाटतं गुण आला, तोवर ते पुढच्या तालुक्यात. आणि गरमी थंड झाली की मागं काहीच उरत नाही, उद्या नवीन वाळवी आली तर तिला अडवणारं काही नाही, मग 10 वर्षांची वॉरंटी कशाची दिली ते त्यांनाच माहीत.

माझा चुलतभाऊ उद्यमबागेत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे, त्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. एक्स्पोर्टच्या मालाला जे लाकडी पॅलेट लागतात त्यावर 'एचटी' शिक्का असतो ना, ती हीट ट्रीटमेंट. तिथं नियम असा की लाकडाच्या गाभ्यात 56 डिग्री सलग 30 मिनिटं राहिली पाहिजे, हवेत नाही, गाभ्यात. त्यासाठी बंद चेंबर, लाकडात घुसवलेले सेन्सर, रेकॉर्ड, सगळं लागतं. कौलारू घरात प्लास्टिक बांधून दोन हीटर लावले तर गरम हवा कौलांच्या फटीतनं आभाळात. आमच्याकडे एक साधा थर्मामीटरसुद्धा लाकडात टोचला नव्हता. कुणी दारात आलंच तर एवढंच विचारा, लाकडाच्या आतलं टेंपरेचर किती आलं ते मला कुठल्या काट्यावर दाखवणार? तिथंच गाडी वळते.

नंतर बेळगावातल्या एकाकडनं नीट करून घेतलं. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर 12 एमएमची भोकं, त्यात पंपानं औषध, मग व्हाईट सिमेंटनं बंद. औषध इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्केवालं, एक लिटर पाण्याला 2.1 मिली. सीलबंद बाटली आमच्यासमोर फोडली, मिसळलं पण समोरच, परसात विहीर आहे म्हणून त्या बाजूला मारायला त्यानं स्वतःहून नको म्हटलं. बरं वाटलं माणूस बघून. लायसन मागितलं तर लगेच दाखवलं, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली हा धंदा करणाऱ्याला लायसन लागतंच. एकूण खर्च पहिल्यांना दिलेल्याच्या अर्धासुद्धा नाही. गुण आला का ते बघायची सोपी रीत त्यानं सांगितली, रेघ सगळी पुसायची नाही, मधला बोटभर तुकडा तेवढा पाडायचा, आत जीव असेल तर काही दिवसांत ते तेवढंच लिंपून घेतात. आमचं अजून तरी लिंपलेलं नाही.

पैशाचं सांगते. बिलावर जीएसटी नंबर होता, सुरुवात 27 नं. कर्नाटकचा नंबर 29 नं सुरू होतो, 27 म्हणजे महाराष्ट्र. कोल्हापूरची गाडी, एमएच 09, म्हणून त्यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही, आपल्याकडे रोजचंच येणंजाणं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर तसला नंबरच नाही. मग पोलिसांत गेलो तर इकडचे म्हणाले खातं महाराष्ट्रातलं आहे तिकडे जावा, तिकडचे म्हणाले गुन्हा कर्नाटकात घडलाय. सीमेवर राहायचं म्हणजे हे आलंच, रेशनपासून बोर्डापर्यंत सवय आहे आपल्याला. पण ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की नवीन कायद्यात, म्हणजे बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम 173 प्रमाणे, गुन्हा कुठंही घडलेला असू दे, हद्द सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायची तक्रार, घ्यावाच लागतो. कलमाचा नंबर कागदावर लिहून गेलो तेव्हा खुर्ची दिली.

ग्राहक आयोगाचं तर अजून सोपं आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस घालता येते, म्हणजे बेळगावातच, कोल्हापूरला हेलपाटे नकोत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, फोन करून नोंद केली तरी चालते. आमचा अर्ज तयार आहे, बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि शेजारच्या पोरानं सहज काढलेला पिकअपचा फोटो जोडलाय, काकूंचाही अर्ज सोबतच देतोय. त्यांचं बिल त्यांनी चूल पेटवायला घेतलं होतं, वेळेवर हातातनं काढून घेतलं म्हणून वाचलं. तुमच्याकडे येऊन गेले असतील तर कागद कितीही फालतू वाटला तरी टाकू नका.