चाचणी उत्खननाची दोन दिवसांची कार्यशाळा, ठाणे : माझा अनुभव

चाचणी उत्खनन म्हणजे मोठं खोदकाम करण्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहायला छोटे खड्डे घेणं. शनिवार-रविवार, फी 1,500 रुपये, दुपारचं जेवण धरून. चर्चच्या पॅरिश कमिटीत आहे, म्हणून गेले होते. आमच्या आवारात नवी ड्रेनेज लाइन टाकायची आहे आणि ती दफनभूमीला लागूनच जाणार.

खऱ्या दफनभूमीला अर्थातच हात लावला नाही. घोडबंदर रोडवरच्या एका मोकळ्या जागेत सरावाचे चार खड्डे आखले होते, प्रत्येकी 1 मीटर बाय 1 मीटर. एका वेळी फक्त 10 सेंटिमीटर माती काढायची, थापीने खरवडत. मग घमेलं चाळणीवर. साठ सेंटिमीटरवर आमच्या पिवळसर मातीत एक काळपट, भुसभुशीत पट्टा लागला. सरांनी थांबवलं. "बोटाने दाबून बघा." कडेची माती घट्ट, पट्ट्यातली सैल. कबर बुजवतानाही वरचे-खालचे थर असेच मिसळतात, म्हणून रंग बदलतो. लहानपणी आजीची हाडं काढून कोनाड्यात ठेवण्यासाठी कबर उघडली, तेव्हा हीच माती पाहिली होती मी. तिची हाडं आता दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहेत.

हाडांबद्दल ते फार जपून बोलले, आणि म्हणूनच मला हे लोक आवडले. इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात पाइप टाकण्याआधी असेच खड्डे घेऊन दफनं किती खोल आहेत ते पाहतात. अखंड दफन लागलं तर शक्यतो नोंद करून झाकतात आणि पाइप वळवतात. सुटी हाडं त्याच आवारात पुन्हा पुरतात. आपल्या ठाण्याचीही आठवण निघाली: 1321 साली इथे मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या अस्थी ओडोरिक नावाच्या साधूने पार चीनपर्यंत नेल्या.

दोन तक्रारी. नोंदींचे कागद फक्त इंग्रजीत होते; आमच्यासोबतच्या काकांना प्रत्येक रकाना विचारावा लागला. आणि चार खड्ड्यांना पंचवीस माणसं, त्यामुळे पहिल्या दिवशी जेमतेम अर्धा तास थापी हातात आली. पंधरा जण घेतले तर फी थोडी वाढली तरी चालेल.

तरीही, ज्यांच्या चर्चमध्ये किंवा कब्रस्तानात खोदकाम निघणार आहे, त्यांनी जरूर जावं. आमच्या कंत्राटदाराला मी आता सांगितलंय, जेसीबी फाटकाबाहेर. आधी दोन खड्डे हाताने घ्यायचे, फादरांसमोर.

जाणाऱ्यांनी टोपी आणि पेन्सिल न्यावी. सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरची पेनची शाई ओल्या मातीने पुसली जाते.